जुनी एमपीएफआय गाडी आयडलिंगला थरथरते? काही उघडण्याआधी हा क्रम पाळा

इंदूरला पलासियाच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की स्टिअरिंग कापायला लागतं, आरपीएमचा काटा वर-खाली होतो आणि एसी लावला की इंजिन बंद पडतं की काय असं वाटतं. यावर बहुतेक ठिकाणी ठरलेलं उत्तर मिळतं: "थ्रॉटल साफ करवा लो, सब ठीक हो जाएगा." थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, साफ होतो. दोन दिवस बरं वाटतं. मग प्लग बदलतात, मग कॉइल, मग एखादा सेन्सर. शेवटी कुणीतरी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून आरपीएम वाढवून देतो. थरथर ऐकू येईनाशी होते, पण दोष तिथेच राहतो आणि आता पेट्रोलही जास्त जातं.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. आधी तीन प्रश्नांची उत्तरं हवीत, तीही याच क्रमानं. थरथर इंजिनाची आहे की माउंटची? एकच सिलिंडर कमजोर आहे की सगळे मिळून डळमळतायत? आणि मग, दोष हवेचा, ठिणगीचा, पेट्रोलचा की कॉम्प्रेशनचा? यातल्या पहिल्या दोन प्रश्नांना नवा पार्ट लागत नाही, आणि निम्म्या शंका तिथेच गळून पडतात.

हा लेख साधारण २००० ते २०१५ या काळातल्या, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) इंजेक्टर असलेल्या, म्हणजे एमपीएफआय, पेट्रोल गाड्यांसाठी आहे: अल्टो, वॅगन आर, झेन, एस्टीम, सँट्रो, सिटी आणि त्यांच्या पिढीतल्या इतर. एक गोष्ट आधीच सांगतो. ८०० सीसीची अल्टो तीन सिलिंडरची आहे. तिची थोडी थरथर जन्मजात असते, आणि २०१० आधीच्या, चार सिलिंडरच्या वॅगन आरशी तिची तुलना केलीत तर नसलेला दोष शोधत बसाल.

तयारी

साधा डिजिटल मल्टिमीटर, गाडीला चालणारा स्कॅनर, पाण्याची बारीक फवारा मारणारी बाटली, प्लगचा पाना, फीलर गेज आणि वही. व्हॅक्यूम गेज असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही. कॉम्प्रेशन गेज शेवटच्या टप्प्याला लागतो, तो मिस्त्रीकडून मागून आणता येतो.

गाडी सपाट जागी लावा, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून. बंद पोर्चमध्ये इंजिन चालू ठेवू नका. जवळ अग्निशामक हवाच. पंख्यापासून ओढणी, मफलर, सैल बाही लांब ठेवा. इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

सीएनजी किट असेल तर सगळ्या चाचण्या आधी पेट्रोलवर करा. सीएनजीचा भाग शेवटाकडे वेगळा दिला आहे.

टप्पा १ : लक्षण लिहून काढा

"आयडलिंग खराब आहे" हे लक्षण पुरेसं नाही. कधी आणि कशी, ते लिहा.

फक्त सकाळी थंड इंजिनावर होतं आणि गरम झाल्यावर जातं? मग कूलंट टेंपरेचर सेन्सर, आयडल व्हॉल्व्ह (बंद थ्रॉटलला वळसा घालून हवा देणारा) किंवा गळकं इंजेक्टर आधी बघायचं. उलट, गरम झाल्यावरच होत असेल तर घट्ट टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागातला गॅप कमी होणं) आणि तापल्यावर दगा देणारी कॉइल. फक्त एसी लावल्यावर होत असेल तर इंजिन बहुधा ठीक असतं, वाढलेला भार सांभाळणारा आयडल व्हॉल्व्ह अडकलेला असतो. टाकी फुल केल्यावर काही मिनिटं झटके येत असतील तर टाकीची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह. पावसात किंवा धुलाईनंतर होत असेल तर प्लग वायर आणि कनेक्टर.

आता सायलेन्सरपाशी उभे राहा. ठरावीक अंतरानं "फट... फट... फट" असा एकसारखा ठोका येतो का? म्हणजे एक सिलिंडर नियमितपणे चुकतोय. ठोका नाही, पण आरपीएम लाटेसारखा ७०० वरून १२०० वर आणि परत खाली जातोय? म्हणजे सगळ्या सिलिंडरांना मिळणाऱ्या हवेचा हिशोब चुकतोय. कागदाची एक पट्टी सायलेन्सरच्या तोंडाशी धरा. ती सतत बाहेर उडायला हवी. मध्येच आत ओढली जात असेल तर जळलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची शंका नोंदवून ठेवा.

टप्पा २ : माउंट बाजूला काढा

आरपीएमचा काटा स्थिर, सायलेन्सरचा आवाज एकसारखा, आणि तरीही सीट, डॅशबोर्ड, आरसा थरथरतोय? मग इंजिन नीट चाललंय. माउंटचं रबर बसलं आहे. बोनेट उघडून एकाला आत बसवा. ब्रेक दाबून, पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडून लगेच दाबायला सांगा. इंजिन जागेवरून उडी मारल्यासारखं हललं तर माउंट गेलंय.

सावधान: या चाचणीत गाडीच्या पुढे कुणीही उभं राहायचं नाही. बाजूनं बघा.

टप्पा ३ : बॅटरी, अर्थ आणि उंदीर

इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. कमी असतील तर इंजेक्टर उशिरा उघडतात, कॉइलला पुरता चार्ज मिळत नाही, आणि पुढच्या सगळ्या मोजण्या फसव्या येतात. मग मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा. हेडलाइट, पंखा, मागची डिफॉगर काच, सगळं चालू करा. फरक ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी काढून घासून परत घट्ट करा. जुन्या गाडीत हे काम फुकट होतं आणि कधीकधी आजारच तेवढा असतो.

आता वायरिंगवर टॉर्च मारा. रामबाग, नारायण बाग, सुदामानगर अशा भागांत कित्येक घरांत मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला असतात आणि वडिलांची गाडी आठवडेच्या आठवडे पोर्चमध्ये उभी राहते. अशा गाडीच्या बोनेटखाली उंदरांना घर आयतं मिळतं. इंजेक्टरच्या आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी, व्हॅक्यूमचे बारीक रबरी पाइप, सगळं कुरतडलं जातं. एअर फिल्टरचा डबा उघडून बघाच. त्यात चिंध्यांचं घरटं निघणं ही नवलाची गोष्ट नाही.

टप्पा ४ : कोड वाचा, पण त्यांच्या आहारी जाऊ नका

भारतात ओबीडी-२ (बिघाडाचे कोड स्कॅनरला सांगण्याची प्रमाणित पद्धत) ची सक्ती एप्रिल २०१३ पासून आहे. त्यानंतरच्या गाडीला स्वस्तातला ब्लूटूथ डोंगलही बहुधा चालतो. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचं सॉकेट दिसलं तरी डोंगल बोलेलच असं नाही. तिथे त्या कंपनीला ओळखणारा मिस्त्रीचा स्कॅनर लागतो. आणखी जुन्या काही गाड्यांत चेक इंजिनचा दिवा ठरावीक पद्धतीनं लुकलुकून कोड सांगतो. ती पद्धत त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते.

पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाच्या सिलिंडरचं मिसफायर (नीट न पेटणं), पी ०३०० म्हणजे ठिकाण न ठरलेलं मिसफायर, पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानानं पेट्रोल कमी), पी ०५०५ म्हणजे आयडल कंट्रोलची तक्रार. इथे नेहमीची घोडचूक होते. पी ०१७१ आला की ऑक्सिजन सेन्सर बदलतात. मिश्रण पातळ आहे हे त्या बिचाऱ्या सेन्सरनं खरंच सांगितलेलं असतं. निरोप आणणाऱ्यालाच हाकलून देण्यात काय हशील?

कोडपेक्षा लाइव्ह डेटा मोलाचा. हे आकडे वहीत उतरवा.

कूलंटचं तापमान: सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर, चावी ऑन करून बघा. कूलंट आणि आत येणारी हवा यांचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. एक १२ अंश आणि दुसरं ४० अंश दाखवत असेल तर दोघांतला एक सेन्सर खोटं बोलतोय.

मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा): चावी ऑन, इंजिन बंद असताना हा बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. पुस्तकात १०१ किलोपास्कल लिहिलेलं असतं, पण इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथे ९४-९५ दिसणं बरोबर आहे. हा आकडा बघून मॅप सेन्सर खराब ठरवू नका. इंजिन गरम, आयडलवर, एसी बंद असताना मात्र ३० ते ४० यायला हवेत.

फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती टक्के कमी-जास्त देतोय: शॉर्ट (तात्पुरती) आणि लाँग (दीर्घकाळची) यांची बेरीज साधारण १० टक्क्यांच्या आत, अधिक किंवा उणे. इथे एक पोटकलम आहे. शुद्ध पेट्रोलला जाळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा हा आकडा १३.५ च्या आसपास येतो. म्हणजे जुन्या गाडीचा ईसीयू काहीही बिघाड नसताना पेट्रोल सहा-आठ टक्क्यांनी वाढवून देतोय असं दिसू शकतं. अधिक ७ बघून घाबरू नका. अधिक १८ असेल तर खरंच काहीतरी आहे.

तपासा: आयडलवरची बेरीज आणि २५०० आरपीएमवरची बेरीज वेगवेगळी लिहा. आयडलवर खूप जास्त आणि रेस दिल्यावर सुधारते, तर कुठून तरी चोरटी हवा आत येतेय. आयडलवर बरी आणि भार पडल्यावर बिघडते, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय.

टप्पा ५ : एक सिलिंडर की सगळे?

संपूर्ण तपासणीत हीच चाचणी सर्वांत कामाची आहे आणि हीच सर्वांत जास्त टाळली जाते.

इंजिन गरम करा, एसी बंद. आयडलवर असताना एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा, तीन-चार सेकंद थांबा, परत लावा. निरोगी सिलिंडरचा कनेक्टर काढला की आरपीएम झटकन पडतो आणि थरथर वाढते. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. काढल्याबरोबर पहिल्या क्षणी काय होतं तेच बघायचं. नंतर ईसीयू आयडल व्हॉल्व्ह उघडून आरपीएम सावरून घेतो आणि तुमची फसगत होते.

सावधान: प्लगची जाड वायर हातानं उपसून ही चाचणी करू नका. झटका बसतो, कॉइल जळू शकते, आणि न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढतं. कनेक्टर काढल्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागेल. तो नंतर पुसता येतो.

सगळे सिलिंडर सारखे पडले तर टप्पा ६ आणि ७ कडे जा. एकच मेलेला निघाला तर थेट टप्पा ८.

टप्पा ६ : चोरटी हवा

एअर फिल्टरमधून न येता, मध्येच कुठून तरी मॅनिफोल्डमध्ये शिरणारी हवा. आयडलवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो आणि आत व्हॅक्यूम तीव्र असतं, म्हणून बारीकशी चीरही इथेच त्रास देते आणि रेस दिली की लपते.

कुठे बघायचं? थ्रॉटल आणि फिल्टर यांच्यामधला रबरी पाइप, विशेषतः त्याच्या घड्यांच्या खालच्या बाजूला. वरून नवा दिसतो, खालून फाटलेला असतो. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातली वाफ मॅनिफोल्डमध्ये सोडणारा) आणि त्याचा पाइप. पर्ज व्हॉल्व्ह. इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगा. मॅनिफोल्डचं गास्केट. नीट न बसलेली ऑइलची डिपस्टिकसुद्धा. इंदूरचा उन्हाळा बोनेटखालच्या रबराला भाजतो आणि पुढच्या पावसात ते फुटतं.

शोधायची सुरक्षित पद्धत पाण्याची. इंजिन आयडलवर, पाण्याचा बारीक फवारा एकेका जोडावर मारत जा. चीर असलेल्या जागी पाणी क्षणभर भोक बुजवतं आणि आरपीएम किंवा आवाज बदलतो. कॉइल, अल्टरनेटर आणि तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांच्यावर पाणी पडू देऊ नका. पुष्कळ मिस्त्री हेच काम कार्ब क्लीनरच्या स्प्रेनं करतात. तापलेल्या एक्झॉस्टशेजारी ज्वालाग्राही स्प्रे मारण्याचा हा उद्योग घरी करायचा नाही, कुणी कितीही आत्मविश्वासानं करून दाखवला तरी.

यानंतर एकेक फाटा बंद करून बघा. पर्ज व्हॉल्व्हचा पाइप पक्कडीनं, मध्ये कापड घालून, हळूच चिमटा. इंजिन सावरलं तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवा, आतून खडखड आवाज यायला हवा. ब्रेकचं पेडल दाबून धरा. दाबल्यावर सुस्कारा ऐकू येऊन आयडल बदललं आणि तसंच राहिलं तर बूस्टरचा डायफ्राम फाटलाय, आणि मग विषय आयडलिंगचा उरत नाही, ब्रेकचा होतो. गाडी त्याच दिवशी दाखवा.

व्हॅक्यूम गेज लावत असाल तर पुस्तकातला १७ ते २२ इंचांचा आकडा समुद्रसपाटीचा असतो. दर हजार फुटांना सुमारे एक इंच कमी होतो, म्हणून इंदूरला किंवा महूला १५ ते २० इंच चांगले समजा. काटा स्थिर पण बराच खाली असेल आणि नुकताच टायमिंग बेल्ट बदलला असेल, तर बेल्ट एक दाता पुढे-मागे बसलाय का ते आधी बघा. काटा ठरावीक ठेक्यात झटका देत असेल तर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह.

एक फसवी जागा सांगायलाच हवी. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या हवा थेट मोजत नाहीत, मॅप सेन्सरच्या दाबावरून तिचा हिशोब करतात. त्यांच्यात चोरटी हवा आली की दाब वाढतो, ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोलही वाढवतो आणि ट्रिम जवळपास नॉर्मलच दिसते. तिथे खूण वेगळी: आयडल चढलेलं किंवा वर-खाली होणारं, मॅपचा आकडा ४५-५० कडे सरकलेला आणि आयडल व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्ण बंद. "ट्रिम बरोबर आहे, म्हणजे गळती नाही" असं म्हणून उठू नका.

जुन्या गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) असेल आणि तो कार्बननं उघडा अडकला असेल तर लक्षण असंच दिसतं, पण त्यातून हवा न येता धूर येतो. आयडलवर अडखळणं, रस्त्यावर ठीक. व्हॉल्व्ह काढून सीट साफ केली की कळतं.

टप्पा ७ : थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह

साफसफाईची पाळी आत्ता येते, कारण आता ती का करतोय हे माहीत आहे. इंजिन थंड, चावी काढलेली. रबरी पाइप काढा, थ्रॉटलची पाकळी केबलनं उघडा आणि कडेवरचा काळा थर थ्रॉटल क्लीनर लावलेल्या फडक्यानं पुसा. तारेचा ब्रश, सँडपेपर, स्क्रूड्रायव्हर यांतलं काही नको. काही थ्रॉटलना आतून लेप असतो आणि तो खरवडला की आयडल कायमचं बिघडतं. केबल नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी चावी ऑन असताना बोटानं ढकलू नका. बोट चिरडतं आणि गिअरचे दातही जातात.

आयडल व्हॉल्व्ह काढून त्याचा मार्ग साफ करा. स्टेपर मोटरवाल्या व्हॉल्व्हची टोकदार पिन हातानं ओढू-ढकलू नका. क्लीनर मोटरच्या आत उतरणार नाही अशा बेतानं व्हॉल्व्ह तोंड खाली धरून पुसा.

आता थ्रॉटल पोझिशन सेन्सर. पाकळी बंद असताना सिग्नल वायरवर साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या जवळपास. हळूहळू उघडताना आकडा सलग चढायला हवा. मध्ये कुठे शून्यावर आपटला तर सेन्सर झिजलाय. बंद पाकळीचा आकडा ठरलेल्यापेक्षा बराच जास्त असेल तर ईसीयूला पाय पेडलवर आहे असं वाटतं आणि तो आयडल सांभाळतच नाही. अशा वेळी आधी कुणी स्टॉप स्क्रू फिरवलाय का ते बघा. स्क्रूवरचा कारखान्याचा रंग फुटलेला दिसला की समजा, तुमच्या आधी कुणीतरी इथे येऊन गेलंय.

टप्पा ८ : एकच सिलिंडर मेलेला, आधी ठिणगी

प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी चांगला. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ. पेट्रोलनं ओला म्हणजे इंजेक्टर काम करतंय, ठिणगी नाही. गॅप फीलर गेजनं मोजा. बहुतेक गाड्यांत तो ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या मध्ये असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या.

नवा पार्ट आणण्याआधी अदलाबदल करा. समजा दोन नंबर मेलेला आहे: त्याचा प्लग तीनमध्ये, तीनचा दोनमध्ये. टप्पा ५ ची चाचणी परत. दोष तीनवर सरकला तर प्लग. नाही सरकला तर तसंच वायर, मग कॉइल. एका वेळी एकच वस्तू हलवायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेल कदाचित, पण खराब काय होतं ते कळणार नाही.

ज्या गाड्यांत एक कॉइल दोन सिलिंडरांना ठिणगी देते, तिथे जोडी १-४ आणि २-३ अशी असते. एक आणि चार दोन्ही मेलेले असतील तर कॉइलवर संशय घ्या. फक्त चार मेलेला असेल तर प्लग किंवा वायर. रात्री अंधारात बोनेट उघडून, वायरींवर अगदी हलका पाण्याचा फवारा मारून बघा. गळकी ठिणगी निळसर दिसते. हात मात्र लांब.

टप्पा ९ : मग पेट्रोल

ठिणगी ठीक असेल तर त्या सिलिंडरचं इंजेक्टर. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाशी. सगळ्यांची टिकटिक सारखी यायला हवी. कनेक्टर काढून रेझिस्टन्स मोजा, बहुतेकांचा ११ ते १६ ओहममध्ये येतो, आणि चौघांत फरक नसावा. टिकटिक आहे, ओहम बरोबर आहेत, तरी सिलिंडर मेलेला, तर इंजेक्टर चोंदलंय. ते बाहेर काढून मशीनवर साफ करून घ्या. टाकीत ओतायच्या बाटलीनं पूर्ण चोंदलेलं इंजेक्टर उघडल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

सगळेच सिलिंडर भुकेले असतील तर प्रेशर मोजायला हवं. बहुतेक गाड्यांत ते २.५ ते ३.५ बार असतं. रेग्युलेटर मॅनिफोल्डजवळ असेल तर त्याचा व्हॅक्यूम पाइप काढल्यावर प्रेशर अर्ध्या बारच्या आसपास वाढायला हवं. त्या पाइपात पेट्रोल दिसलं तर डायफ्राम फाटलाय, मोजायचीही गरज नाही.

सावधान: पेट्रोलची लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवा. लाइनमधलं प्रेशर तरच उतरतं.

महिनोन्महिने उभ्या गाडीत इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा ओढून घेतं, आणि पाणी वाढलं की तळाशी वेगळं बसतं. अशा गाडीला आधी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल द्या. जुने रबरी पाइप इथेनॉलनं फुगलेत किंवा भेगाळलेत का तेही बघा.

सीएनजी असेल तर

पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर मिसिंग असेल तर लगेच ट्यूनिंगला धावू नका. सीएनजीचं मिश्रण पेटवायला जास्त जोराची ठिणगी लागते, त्यामुळे मरायला टेकलेली कॉइल आणि झिजलेले प्लग आधी सीएनजीवर उघडे पडतात. ठिणगी तपासा, मग रेग्युलेटर, मग ट्यूनिंग.

उलट, सीएनजीवर ठीक आणि पेट्रोलवर थरथर, हे इंदूरच्या रोज धावणाऱ्या गाड्यांत नेहमी दिसतं. अवंतिका गॅसच्या पंपावर रांग लावायची आणि पेट्रोलची टाकी तळाशी ठेवायची, ही सवय महागात जाते. वापरात नसलेल्या इंजेक्टरमध्ये पेट्रोल वाळून चिकट होतं. टाकीतला पंप पेट्रोलनंच थंड होतो, रिकाम्या टाकीत तो तापून मरतो. टाकी चतुर्थांशाच्या खाली जाऊ देऊ नका आणि रोज काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

किट बसवताना मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूम पाइपात टी-जोड घातलेला असतो आणि इंजेक्टरच्या वायरी कापून एम्युलेटर (सीएनजीवर पेट्रोलचे इंजेक्टर बंद ठेवणारा डबा) जोडलेला असतो. चोरटी हवा आणि गंजलेले जोड यांच्या या दोन ठरलेल्या जागा. जुन्या मिक्सरवाल्या किटमध्ये बॅकफायर झाला असेल तर फिल्टरचा डबा आणि रबरी पाइप तडकलेले असतात.

टप्पा १० : कॉम्प्रेशन आणि टॅपेट

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी सिलिंडर मेलेला. सगळे प्लग काढा, पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार येतात, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. इंदूरच्या उंचीवर सगळेच आकडे थोडे कमी येणार. एखादा बाकीच्यांपेक्षा एका बारहून जास्त खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम खाली असतील तर त्यांच्यामधलं हेड गास्केट.

हेड उघडायचं ठरवण्याआधी मात्र टॅपेट मोजा. सीएनजीवर खूप चाललेल्या इंजिनात व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही. लोक खडखडणाऱ्या टॅपेटला घाबरतात, तर हा घट्ट टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो. ज्या इंजिनात गॅप स्क्रूनं जुळवता येतो तिथे हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. वेळेवर केलं तर हेड वाचतं.

टप्पा ११ : जोडल्यानंतर

कोड पुसा. बॅटरी काढली असेल किंवा थ्रॉटल साफ केला असेल तर ईसीयूला नवं आयडल शिकावं लागतं. साधारण पद्धत अशी: एसी, दिवे, पंखा सगळं बंद, इंजिन थंड अवस्थेतून सुरू करा आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत सोडून द्या. काही गाड्यांची पद्धत वेगळी असते आणि काहींना स्कॅनरनंच रीलर्न द्यावं लागतं. पहिल्या दहा मिनिटांत आयडल थोडं इकडेतिकडे गेलं म्हणून स्क्रूला हात लावू नका.

मग टप्पा ४ चे आकडे परत लिहा, जुन्याशेजारी. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड स्टार्ट बघा. मग महूपर्यंत जाऊन या, आणि परतल्यावर गरम इंजिनावर एसी, हेडलाइट, पंखा एकदम लावून स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवा. आरपीएम क्षणभर पडून सावरला तर ठीक. पडून तसाच राहिला किंवा इंजिन बंद झालं, तर परत टप्पा ७ वर जा आणि आयडल व्हॉल्व्हचं वायरिंग तपासा, कारण साफ केलेला व्हॉल्व्हही विजेशिवाय हलत नाही.